उद्याचा गल्ला आज विकताना

ही पुस्तिका हातात पडली की बहुतेक जण लेखांच्या आधी जाहिरातींची पानं चाळतात, हे आम्हाला ठाऊक आहे. लाजायचं कारण नाही, आम्हीही तेच करतो. किराणा दुकान, केटरिंग, दाताचा दवाखाना, डेकेअर, साड्या-दागिने, टॅक्सवाले, आयटी कन्सल्टिंग... या पानांच्या जिवावर आपला मदतनिधी उभा राहतो. आणि या पानांवरच्या बहुतेक मालकांना आठवड्यातून दोन-तीनदा एक फोन येतो: "सर, तुमच्या बिझनेसला पन्नास हजार डॉलर अ‍ॅप्रूव्ह झालेत. तारण नको, क्रेडिट थोडं कमी असलं तरी चालेल, उद्या दुपारपर्यंत पैसे खात्यात."

हा फोन असतो 'मर्चंट कॅश अ‍ॅडव्हान्स'चा. आमच्यापैकी काही जण दुकान चालवतात, काही जण दुसऱ्यांचे हिशेब लिहितात. गणपतीच्या कार्यक्रमात, चहाच्या रांगेत या विषयावर इतक्यांदा बोलणं झालं, की एकदा नीट लिहूनच काढावं असं ठरलं. आम्ही वकील नाही. त्यामुळे वकिलाला दाखवायचा कागद वकिलालाच दाखवा. पण आकडेमोड आम्हाला येते, आणि या प्रकरणात निम्मं शहाणपण आकडेमोडीतच आहे.

आधी हा प्रकार आला कुठून ते सांगतो. १९९८ साली अ‍ॅडव्हान्समी नावाची कंपनी निघाली. तिच्या संस्थापक बार्बरा जॉन्सन लहान मुलांच्या खेळ-संगीत वर्गांची केंद्रं चालवत असत. बँक लहान धंद्याला पैसे देत नाही, पण धंद्यात रोज क्रेडिट कार्डावर विक्री होते. मग ती पुढची विक्रीच आज थोडी स्वस्तात विकली तर? कल्पना अशी साधी होती. पैसे देणारा तुमच्या भावी कार्ड-विक्रीचा काही हिस्सा विकत घेणार आणि रोजच्या कार्डाच्या पैशातून ठरलेले टक्के परस्पर कापून घेणार. विक्री जास्त झाली तर जास्त कापायचं, बर्फ पडून दुकान बंद राहिलं तर त्या दिवशी काहीच नाही. कल्पना वाईट नव्हती, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. धंद्याची जोखीम दोघांनी वाटून घेतल्यासारखं होतं.

कंपनीने या पद्धतीवर पेटंट घेतलं होतं, ते २००७ साली कोर्टाने रद्द ठरवलं आणि मैदान सगळ्यांना मोकळं झालं. पाठोपाठ २००८ ची मंदी आली, बँकांनी लहान धंद्यांची कर्जं आवळली, आणि या व्यवसायाला उधाण आलं. मूळ पद्धतही बदलली. कार्डाच्या विक्रीतून टक्के कापण्याऐवजी बऱ्याच कंपन्या तुमच्या बँक खात्यातून रोज ठरावीक रक्कम ओढू लागल्या. विक्री होवो न होवो, सोमवार ते शुक्रवार रक्कम जाणारच. नाव तेच राहिलं, पण जोखीम वाटून घेणं मात्र कागदावरच उरलं.

आता हिशेब. इथे जरा सावकाश वाचा.

या धंद्यात व्याजाचा दर सांगत नाहीत, 'फॅक्टर रेट' सांगतात. तो साधारण १.१ ते १.५ असतो. समजा तुम्ही ५०,००० डॉलर घेतले आणि फॅक्टर आहे १.३५. म्हणजे परत द्यायचे ६७,५००. दलाल सांगणार, "पस्तीस टक्के पडले सर, क्रेडिट कार्डापेक्षा थोडे जास्त." ऐकायला बरं वाटतं. पण हे पस्तीस टक्के वर्षाचे नाहीत. फेड सहा महिन्यांत आहे, आणि तीही रोजच्या रोज. महिन्याचे बँकेच्या कामाचे २१ दिवस धरले तर सहा महिन्यांत १२६ हप्ते, प्रत्येकी सुमारे ५३६ डॉलर. पहिल्या दिवसापासून मुद्दल परत जायला लागते, त्यामुळे पूर्ण पन्नास हजार तुमच्याकडे सहा महिने कधी राहतच नाहीत. हे सगळं धरून वार्षिक दर, म्हणजे ज्याला इथे एपीआर म्हणतात, काढला तर तो सुमारे १२६ टक्के येतो. वर तीन टक्के 'ओरिजिनेशन फी' कापून हातात ४८,५०० च ठेवले, तर सुमारे १४० टक्के.

हा दर फोनवर का सांगत नाहीत? तर त्यांचं म्हणणं, हे कर्जच नाही, ही 'खरेदी' आहे. शिवाय कर्जाचा खरा दर उघड करायला लावणारा १९६८ चा केंद्रीय कायदा घरगुती ग्राहकांसाठी आहे, धंद्याच्या कर्जांना तो लागूच होत नाही. आपण कारचं कर्ज घेताना जो आकडा ठळक अक्षरांत समोर येतो, तो दुकानासाठी पैसे घेताना येत नाही, याचं कारण हे. काही राज्यांनी आता ही फट बुजवायला सुरुवात केली आहे. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ पासून ५ लाख डॉलरपर्यंतच्या व्यवहारांत, आणि न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट २०२३ पासून २५ लाखांपर्यंतच्या व्यवहारांत, अंदाजे एपीआर लेखी सांगावा लागतो. व्हर्जिनिया, युटा, जॉर्जिया, फ्लोरिडा इथेही माहिती उघड करण्याचे कायदे झाले, पण त्यांत एपीआरची सक्ती नाही. आमची सूचना अशी, की राज्य कुठलंही असो, दलालाला एकच विचारा: "वार्षिक दर किती, ते ईमेलवर लिहून द्या." उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

पण दरापेक्षाही आम्हाला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. हे पैसे नफ्यातून कापले जात नाहीत, गल्ल्यातून कापले जातात.

एक केटरिंगचा धंदा डोळ्यांसमोर आणा. महिन्याची उलाढाल ९०,००० डॉलर. भाजी-किराणा, पगार, भाडं, गॅस, विमा, कर जाऊन चांगल्या महिन्यात ९,००० उरतात. आता वरच्या अ‍ॅडव्हान्सचे महिन्याचे हप्ते होतात ११,२५०. दलालाच्या भाषेत उलाढालीच्या "फक्त साडेबारा टक्के". मालकाच्या वहीत मात्र नफ्याच्या सव्वाशे टक्के! म्हणजे महिन्याला २,२५० डॉलर कमी पडणार, आणि यात मालकाने घरी न्यायचा एक पैसाही धरलेला नाही. ही खोट कुठून भरायची? पहिल्या महिन्यात भाजीवाल्याचं बिल लांबतं, दुसऱ्यात भाडं, तिसऱ्यात कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला सरकारी कर भरायचा राहतो. हा शेवटचा प्रकार फार महागात पडतो, कारण तो पैसा आपला नसतोच. तो न भरल्यास सरकार मालकाला व्यक्तिशः धरू शकतं, कंपनी एलएलसी असली तरी.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तोच दलाल पुन्हा फोन करतो. आवाज एकदम आपुलकीचा. "सर, तुम्ही निम्मे फेडलेत, आता नव्याने पन्नास हजारांना पात्र आहात." इथेच माणूस खरा अडकतो. निम्मे फेडले म्हणजे ३३,७५० बाकी. नव्या पन्नास हजारांतून ते आधी वळते होतात आणि हातात येतात १६,२५०. नवीन देणं मात्र पूर्ण ६७,५००. म्हणजे सव्वासोळा हजार हातात पडले आणि देणं वाढलं पावणेचौतीस हजारांनी. जुन्या रकमेत जे आकाराचे पैसे होते, त्यांच्यावरही पुन्हा आकार लागला. आमच्या आजोबांच्या पिढीला सावकाराच्या वहीतला हा प्रकार चांगला माहीत होता, फक्त तेव्हा सही अंगठ्याची असे.

दुसरं असं होतं, की पहिल्याचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीकडून अ‍ॅडव्हान्स घ्यायचा, दुसऱ्यासाठी तिसऱ्याकडून. याला 'स्टॅकिंग' म्हणतात. बहुतेक करारांत याला मनाई असते, म्हणजे दुसऱ्यावर सही केली की पहिल्याचा करार मोडला, असा दुहेरी पेच.

आपली एक मराठी सवय इथे उपयोगी पडत नाही, तीही सांगून टाकतो. डोक्यावर देणं नको म्हणून आपण घराचं कर्जसुद्धा मुदतीआधी फेडायला धावतो. पण या व्यवहारात ६७,५०० ही ठरलेली किंमत आहे. सहाऐवजी तीन महिन्यांत फेडलेत, तरी तेवढेच द्यायचे. उलट पैसे तुमच्याकडे कमी दिवस राहिले म्हणून खरा दर आणखी वाढतो. काही कंपन्या लवकर फेडल्यास सूट देतात. ती करारात छापलेली असेल तरच धरायची, फोनवरची नाही.

आता करारातली बारीक अक्षरं. 'हे कर्ज नाही' या एका वाक्यावर पुष्कळ काही उभं आहे. न्यूयॉर्कमध्ये वर्षाला २५ टक्क्यांवर व्याज घेणं हा फौजदारी गुन्हा आहे, पण ते कर्जाला लागू. खरेदीला व्याजच नाही, मग मर्यादा कसली? कोर्टं मात्र आता नुसत्या नावावर जात नाहीत. न्यूयॉर्कची कोर्टं साधारण तीन गोष्टी तपासतात: विक्री घटली तर हप्ता कमी करून देण्याची खरीखुरी सोय आहे का, फेडीला ठरलेली मुदत आहे का, आणि धंदा बुडाला तर पैसे देणाऱ्याला मालकाच्या मागे लागता येतं का. तुम्ही काहीही झालं तरी पूर्ण रक्कम देणं लागत असाल, तर ते कर्जच, मग वर काहीही छापलेलं असो.

हप्ता कमी करून घेण्याच्या या सोयीला करारात 'रिकन्सिलिएशन' म्हणतात. आमच्या मते संपूर्ण करारातलं हे सगळ्यात महत्त्वाचं कलम. मागणी कोणाकडे करायची, किती दिवसांत उत्तर मिळेल, कुठली कागदपत्रं लागतील, आणि ती सोय देणं कंपनीवर बंधनकारक आहे की त्यांच्या मर्जीवर, हे शोधून वाचा. 'मर्जीवर' असेल तर ती सोय नाही असंच समजा.

यानंतर पाहायची ती 'पर्सनल गॅरंटी', म्हणजे मालकाची स्वतःची हमी. तारण नको म्हणतात ते घराचे कागद मागत नाहीत एवढ्याच अर्थाने. धंद्याच्या सगळ्या मालमत्तेवर आणि येण्यांवर यूसीसी कायद्याखाली बोजा नोंदवलेला असतो. पुढे बँकेकडे गेलात की बँक आधी हीच नोंद पाहते.

आणि एक कागद असा, ज्यावर आमच्या मते कुणीही सही करू नये: 'कन्फेशन ऑफ जजमेंट'. आपण बुडवणार आहोत असं गृहीत धरून आधीच दिलेली ही कबुली. त्यावर खटला नाही, नोटीस नाही. समोरचा कोर्टाच्या कारकुनाकडे कागद देतो आणि हुकूमनामा घेऊन तुमचं खातं गोठवतो. ब्लूमबर्गने २०१८ साली या प्रकारावर मोठी शोधमालिका छापली, आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कने राज्याबाहेरच्या लोकांविरुद्ध असे कबुलीनामे दाखल करण्यावर बंदी घातली. तोवर देशभरातल्या दुकानदारांवर न्यूयॉर्कच्या कोर्टातून असे हुकूम निघत होते.

हे वाचताना आम्हाला राहून राहून सुपे आठवतं. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. त्यांचा राग व्याजावर होता तितकाच त्या कागदांवर होता, न समजता अंगठे दिलेले, आणि ज्यांच्या जोरावर कोर्टातून एकतर्फी हुकूमनामे मिळत. त्यानंतर १८७९ साली आलेल्या डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्टने न्यायाधीशांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासायला लावलं. सव्वाशे-दीडशे वर्षांनी न्यूयॉर्कचे न्यायाधीश नेमकं तेच करत आहेत. असो, विषयांतर झालं, पण आपल्या लोकांना हे कळायला अमेरिकन कायद्याची पदवी लागत नाही एवढंच म्हणायचं होतं.

सरकारनेही अलीकडे दांडगा हात दाखवला आहे. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी मार्च २०२४ मध्ये यलोस्टोन कॅपिटल आणि तिच्याशी संबंधित कंपन्यांवर दावा लावला. जानेवारी २०२५ मध्ये यलोस्टोनशी झालेल्या तडजोडीत शंभर कोटी डॉलरहून मोठा हुकूमनामा झाला आणि देशभरातल्या १८ हजारांहून अधिक लहान धंद्यांचं ५३ कोटी डॉलरहून अधिक देणं माफ झालं. टेक्सासने २०२५ साली कायदा करून खात्यातून आपोआप रक्कम ओढण्यावर कडक मर्यादा घातली. पण निकाल यायला वर्षं जातात, आणि दुकान बंद पडायला दोन महिने पुरतात.

मग हा पैसा कधीच घेऊ नये का? तसं आम्ही म्हणणार नाही. जुलैच्या उकाड्यात किराणा दुकानाचा फ्रीझर बसला, आत हजारोंचा माल आहे, आणि बँक तीन आठवडे मागते आहे. अशा वेळी ८,००० घेऊन चार महिन्यांत ९,६०० परत देणं हा हिशेब बसू शकतो. सोळाशे डॉलर खर्च, पण माल वाचला. (त्यातही फ्रीझर विकणाराच हप्त्यांवर देतो का ते आधी विचारा, यंत्र हेच तारण असल्याने ते बहुधा स्वस्त पडतं.) रक्कम लहान, गरज एकदाची, आणि त्यातून येणारा पैसा दिसत असलेला, तेव्हा ठीक. भाडं, पगार, जुनं देणं यासाठी हा पैसा घेणं म्हणजे भोक तसंच ठेवून घागर भरणं.

आयटी स्टाफिंगवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमचं काम झालेलं असतं, क्लायंट साठ दिवसांनी पैसे देतो, आणि पगार दर पंधरा दिवसांनी. अशा वेळी 'इनव्हॉइस फॅक्टरिंग' म्हणजे झालेल्या कामाचं बिल विकणं, हा मार्ग आहे. तोही फुकट नाही, महिन्याला काही टक्के जातात. पण झालेल्या कामाचं बिल विकणं वेगळं आणि न झालेली विक्री विकणं वेगळं. फोनवर दोन्हींची गल्लत करतात, म्हणून सांगितलं.

बाकीचे मार्ग कंटाळवाणे आहेत, आणि म्हणूनच बरे. सगळ्यात स्वस्त पैसा घाऊक व्यापाऱ्याकडे असतो: तीस दिवसांची उधारी पंचेचाळीसवर न्या. विचारायला आपण संकोचतो, गुजराती दुकानदार संकोचत नाही. आपल्या बँकेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये 'लाइन ऑफ क्रेडिट' धंदा बरा चालला असतानाच मंजूर करून ठेवा; तहान लागल्यावर विहीर खणायला गेलं की फोनवाला दलालच भेटतो. एसबीएच्या योजनेत ना-नफा संस्थांमार्फत ५०,००० डॉलरपर्यंत 'मायक्रोलोन' मिळतं. मात्र मालकाचं नागरिकत्व आणि इमिग्रेशनची स्थिती याबाबतचे एसबीएचे नियम २०२५ पासून कडक होत गेले आहेत, त्यामुळे अर्जाआधी ते विचारून घ्या. सीडीएफआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्था बँकेने नाकारलेल्यांनाही पाहतात. स्कोर ही १९६४ पासूनची स्वयंसेवकांची संस्था फुकट सल्ला देते, निवृत्त मंडळी तुमच्याबरोबर वही उघडून बसतात.

आणि किवा. तिथे इथल्या लहान धंद्यांना १५,००० डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं, लोकांनी २५-२५ डॉलर उसने दिलेले. गंमत म्हणजे अर्ज सगळ्यांसमोर मांडण्याआधी मालकाला स्वतःच्या ओळखीतल्या काही जणांकडून सुरुवात करावी लागते. आपल्या भिशीसारखंच, फक्त हिशेब बाहेरचा कोणी ठेवतो. देणगीचा चेक लिहिणाऱ्या सभासदांनी हाही मार्ग लक्षात ठेवावा असं आम्हाला वाटतं. उसने दिलेले पैसे बुडू शकतात, पण मंडळात चाळीस घरं सहज निघतील जी ओळखीच्या पोळीभाजीवाल्या ताईंना पंचवीस डॉलर देतील.

जे आधीच अडकले आहेत, त्यांच्यासाठी थोडं. पहिलं, आणखी एक अ‍ॅडव्हान्स घेऊ नका. विक्री घटली असेल तर बँकेची स्टेटमेंट जोडून रिकन्सिलिएशनची मागणी लेखी करा, ईमेलने, तारखेसह. नाकारली तर ते नकारपत्र पुढे कोर्टात तुमच्याच उपयोगाचं आहे. वकिलाला न विचारता बँक खातं बंद करू नका किंवा हप्ते थांबवू नका, कारण अनेक करारांत तेवढ्यावरच पूर्ण रक्कम एकदम मागता येते. "तुमचं देणं निम्म्यावर आणतो" म्हणणाऱ्या दुसऱ्या फोनवाल्यांना आगाऊ पैसे देऊ नका. एसबीएच्या सेव्हन-ए कर्जाने हे देणं फेडून टाकू असा बेत असेल, तर जून २०२५ पासून ते चालत नाही. तक्रार राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे आणि एफटीसीकडे फुकट नोंदवता येते. आणि घरी सांगा. ज्या हमीवर एकट्याने सही केली, तिचा भार घरातल्या दोघांवर पडतो, आणि दुसऱ्याला ते बहुतेक वेळा खातं गोठल्यावरच कळतं.